मराठवाड्यात जॅझ आणि कॉकटेलची संध्याकाळ कशी जमवायची

दारू बनवण्यात छत्रपती संभाजीनगरला कुणी नावं ठेवू शकत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात बिअर आणि मद्याचे इतके कारखाने आहेत की २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. निवांत बसून पिण्याची जागा मात्र शोधावी लागते. परमिट रूममध्ये ट्यूबलाइट, टीव्हीवर मॅच आणि "क्वार्टर आण रे" ची घाई. लाउंज म्हणावं तिथे नऊ वाजले की डीजे. जॅझ दोन्हीकडे नाही.

तरी जमतं, थोडी तयारी लागते एवढंच. संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला राहत असाल तर एखाद्या हॉटेलचा लाउंज बार पकडायचा. हिंगोली, परभणी, धाराशिवला असाल तर घरची गच्ची. दोन्हीकडे नियम एकच: एक अल्बम, एक ग्लास. १९५०-६० च्या दशकांतले जॅझचे बरेच अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे आहेत. तेवढ्या वेळात एक कॉकटेल संपवायचं. आधी संपलं तर पाणी प्यायचं आणि अल्बम संपेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे चकणा संपायच्या आत दुसरा पेग भरायची सवय आहे, ती मोडायला हा नियम बरा पडतो. दोन अल्बम, दोन ग्लास, मग जेवण.

आधी कायदा आणि गाडी

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे निम्म्या पिणाऱ्यांना माहीत नसतं. एक दिवसाचा परवाना दुकानात किंवा बारमध्ये काही रुपयांत मिळतो, आजीवन परवानाही काढता येतो. व्हिस्की, रम, जिनसाठी वय २५ पूर्ण हवं. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी आणि मतदानाचा काळ कोरडा असतो, तेव्हा तारीख ठरवताना कॅलेंडर बघा.

गाडीचं आधीच ठरवा. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका लार्जमध्ये, म्हणजे ६० मिलीत, साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि मध्यम अंगाच्या माणसाला तेवढ्यानेही ती मर्यादा ओलांडता येते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटवतं. म्हणजे एक लार्ज उतरायला दोन-तीन तास. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या मित्राला हा हिशेब सांगा आणि गाडीची किल्ली न पिणाऱ्याकडे द्या.

बार कसा निवडायचा, कधी जायचं

शनिवार-रविवार सोडा. ज्या दिवशी बार रिकामा असतो तोच दिवस आपला. मराठवाड्यात असे दिवस ओळखणं सोपं आहे: गुरुवार, चतुर्थी आणि अख्खा श्रावण. अर्धी गिऱ्हाइकं त्या दिवशी पाळतात. तुम्ही स्वतः पाळत असाल तर मंगळवार-बुधवार बघा, पण कुणीतरी मंगळवारही पाळतंच. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. डीजे यायचा असतो, बारटेंडरला वेळ असतो, आणि तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला मॅनेजरही मोकळा असतो.

दुपारी चार-पाचच्या सुमारास फोन करा. "जॅझ लावाल का?" असं विचारू नका. हो म्हणतील आणि सॅक्सोफोनवर वाजवलेली हिंदी गाणी लावतील. ती ऐकायला वाईट नसतात, पण त्यांत जॅझ फारसं नसतं. त्याऐवजी म्हणा, "आम्ही चौघं येतोय, सात ते साडेआठ आमच्या मोबाइलवरचं संगीत कमी आवाजात लावता येईल का?" रिकाम्या बारला चार माणसांचं बिल महत्त्वाचं असतं. बहुतेक वेळा जमतं. टीव्ही बंद करणार नाहीत, पण आवाज बंद करतात.

टेबल निवडताना स्पीकरच्या थेट खाली बसू नका, आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळही नाही. दोन स्पीकरांच्या मधोमध, भिंतीपासून थोडं लांब, अशी जागा मिळाली तर डबल बास, म्हणजे खालचे सूर वाजवणारं मोठं उभं तंतुवाद्य, स्वच्छ ऐकू येतो. तो ऐकू आला नाही तर जॅझचा पायाच निघून जातो आणि वर नुसती पिपाणी उरते.

बायको, बहीण, मैत्रीण बरोबर असतील तर हॉटेलचा लाउंज परमिट रूमपेक्षा केव्हाही बरा. आल्या आल्या मॅनेजरशी दोन शब्द बोलून ठेवले की पुढे टक लावून बघणाऱ्यांचा त्रास कमी होतो. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका, चप्पल मात्र काही ठिकाणी चालत नाही.

ऐकायचं काय आणि कसं

इथे थोडं थांबू. आपल्याकडचे लोक जॅझला बिचकतात आणि ते मला कळत नाही. ज्याने आयुष्यात दोन-चार मैफली, गावातलं भजनी मंडळ आणि खुलताबादच्या उरुसातली कव्वाली ऐकली आहे त्याचा कान जॅझसाठी तयारच असतो. एक ठरलेली चाल सुरुवातीला सगळे मिळून वाजवतात. मग त्याच आवर्तनावर एकेक जण स्वतःचा विस्तार करतो, बाकीचे साथ धरतात. शेवटी सगळे चालीवर परत येतात. बंदिश, विस्तार, मुखडा. फरक असा की इथे आवर्तनात फक्त मात्रा मोजायच्या नसतात, आवर्तनाबरोबर मागची सुरावटही ठरल्या क्रमाने बदलत राहते.

पहिला अल्बम अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्यातली पहिलीच रचना, 'सो व्हॉट', आपल्या माणसाने पहिल्यांदा ऐकावी अशी आहे. सुरुवातीला पियानो आणि बास अंदाज घेत वाजतात, त्या भागाला ताल शोधू नका. मग डबल बास चाल म्हणतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीला दोन सुरांत उत्तर देतात. ती दोन सुरांची होकारार्थी मान एकदा कानात बसली की पुढची नऊ मिनिटं सोपी जातात.

या रचनेचे स्वर म्हणजे आपला काफी थाट. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. आवर्तन मोठं आहे: चार-चार मात्रांचे ३२ खंड, आठ-आठ खंडांचे चार भाग. पहिले दोन भाग एका षड्जावर, तिसऱ्यात अख्खा षड्जच अर्ध्या सुराने वर चढतो, चौथ्यात परत खाली येतो. पहिल्यांदा ऐकताना एवढंच काम करा: तो वर चढण्याचा क्षण पकडा. टेबलावर बोटांनी मोजलं तरी चालेल. दोन-तीन आवर्तनांत तो आपोआप कळू लागतो, आणि समेवर मान हलते तशी मान हलते. एकल वादनाचा क्रमही लक्षात ठेवा: डेव्हिसचा ट्रम्पेट, जॉन कोलट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडरलीचा आल्टो सॅक्सोफोन, मग बिल एव्हान्सचा पियानो. डेव्हिस कमी सूर वाजवतो आणि मधे जागा सोडतो, कोलट्रेन ती सगळी भरून काढतो. याच कोलट्रेनने आपल्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं.

दुसरा अल्बम अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट', हाही १९५९ चा. ब्रुबेकची चौकडी त्याच्या आदल्या वर्षी भारतात येऊन गेली होती. 'टेक फाइव्ह' ही यातली पाच मात्रांची रचना. दहा मात्रांच्या झपतालाच्या अर्ध्याइतकी, फक्त तुकडे उलटे, आधी तीन मग दोन. कुणा तबला शिकलेल्या मित्राला बरोबर न्या, तो ग्लास विसरून मात्रा मोजत बसेल.

तिसरा पर्याय, आणि बारसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला, बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये लोकांसमोर वाजवलेला. लोकांची कुजबुज आणि ग्लासांचा किणकिणाट त्यात स्पष्ट ऐकू येतो. तुमच्या टेबलावरचा आवाज त्यात मिसळतो आणि खटकत नाही. यातला बासवादक स्कॉट लाफारो पुढच्या काही दिवसांतच अपघातात गेला, हे माहीत असलं की बास जरा जास्त लक्ष देऊन ऐकला जातो.

बरोबर आलेल्या काकांना हे सगळं परकं वाटलं तर त्यांना आपल्या घरातून सुरुवात करून द्या. १९५१ च्या 'अलबेला' चं संगीत पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांचं, आणि त्या वाद्यवृंदामागे चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता, जो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत असे. भगवानदादांच्या पायांनी नाचलेला तो ठेका थोडाफार तिथूनच आलेला. काका तरुणपणी ज्यावर नाचले ते जॅझचंच पोर होतं, हे कळल्यावर पुढचा अल्बम मुकाट्याने ऐकतात.

बारमध्ये काय मागवायचं

कार्डावरची निळी-हिरवी नावं बाजूला ठेवा. त्यांत बहुतेक ठिकाणी बाटलीतलं सिरप असतं. बारटेंडर कसा आहे हे साध्या ड्रिंकवरून कळतं. व्हिस्की सावर किंवा जिन सावर मागवा: दारू, ताजं लिंबू, साखर, एवढंच. मागवताना विचारा, "दादा, लिंबू ताजं पिळणार ना? साखर थोडी कमी ठेवा." बारटेंडरने मापाने ओतलं, बर्फ भरपूर घातला आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवलं, तर तो माणूस धरून ठेवा. अंदाजे ओतलं आणि दोन खडे टाकून चमच्याने ढवळलं, तर पुढे सरळ व्हिस्की-सोडा घ्या आणि संगीतावर लक्ष द्या.

पहिला ग्लास आंबट आणि हलका, दुसरा संथ. दुसऱ्यासाठी ओल्ड फॅशन्ड चांगलं: व्हिस्की, थोडीशी साखर, बिटर्सचे, म्हणजे कडवट वनस्पती-अर्काचे, दोन थेंब, संत्र्याची साल. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची जी व्याख्या छापली होती ती अशीच होती: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. यातला बर्फ हळूहळू वितळतो आणि चव दर दहा मिनिटांनी बदलते, म्हणून लांब रचनांबरोबर हे जमतं. बिटर्स नाही म्हणाले तर हट्ट करू नका, रम आणि लिंबू घ्या.

बिल वाचा. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून खाण्याची आणि पिण्याची ओळ वेगळी दिसते. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, नको असेल तर काढायला सांगता येतो. पण ज्या बारटेंडरने तुमच्यासाठी दीड तास अनोळखी संगीत सोसलं त्याच्या हातावर रोख काहीतरी ठेवा. पुढच्या वेळी फोन केल्यावर आवाज ओळखला जातो.

गच्चीवर करायचं तर

गच्चीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जागतिक जॅझ दिवस ३० एप्रिलला असतो, आणि त्या दिवशी परभणीच्या गच्चीवर रात्री नऊलाही फरशी तापलेली असते, तेव्हा तो खाली पंख्याखाली साजरा करा.

बर्फाची तयारी आदल्या रात्री. नळाचं किंवा बोअरचं जड पाणी नको, आरओचं किंवा उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या छोट्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. मोठा तुकडा हळू वितळतो. काढताना डबा दोन मिनिटं बाहेर ठेवा, बर्फ सुटतो, मग स्वच्छ कापडात गुंडाळून बत्त्याने फोडा. भारनियमनाचा भरवसा नसेल तर दोन दिवस आधीच सुरू करा. बाजारातली लादी बाटल्या गार ठेवायला घ्या, ग्लासात टाकू नका.

साहित्य फार लागत नाही. शेकरऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा लोणच्याची धुतलेली काचेची बरणी, गाळायला चहाची गाळणी, मापाला खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण. सोडा असलेलं काहीही बंद डब्यात हलवू नका, झाकण उडतं. हलवायचं ते आधी हलवा, सोडा शेवटी ग्लासात.

मोसंबी आपल्या दाराशी आहे, जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. पण नुसत्या मोसंबीचं सावर होत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. मोसंबीत आंबटपणा फार कमी, त्यामुळे ड्रिंक गुळमट लागतं. लिंबू हवंच. एका ग्लासाचं माप: जिन ४५ मिली, मोसंबीचा रस ३० मिली, लिंबाचा रस १५ मिली, साखरेचा पाक १० मिली. पाक म्हणजे समान साखर-पाणी, विरघळेपर्यंत गरम करून गार केलेलं. बरणी बर्फाने भरा, बारा सेकंद जोरात हलवा, बरणी बाहेरून गोठल्यासारखी गार लागली पाहिजे. गाळून ताज्या बर्फावर ओता. वरून मोसंबीच्या सालीचा तुकडा ग्लासावर वाकवून दाबा, सालीतलं तेल वर उडतं आणि वास नाकाला आधी लागतो.

मोसंबीचा रस आधी काढून ठेवू नका. ठेवला की कडवट होतो, रसवंतीवाला समोर काढून देतो ते उगाच नाही. बी आणि पांढरी साल दाबली जाणार नाही इतपतच पिळा, आणि पाहुणे आल्यावर पिळा.

दुसरं ड्रिंक चिंचेचं. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही मानांकन मिळालं आहे, पण घरातली कुठलीही जुनी चिंच चालेल. चिंच कोमट पाण्यात भिजवून दाटसर कोळ काढा, दोनदा गाळा. १०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळात खडे असतातच. मग गडद रम ४५ मिली, चिंचेचा कोळ २० मिली, गुळाचा पाक १५ मिली, लिंबू ५ मिली, चिमूटभर सैंधव. हलवून, गाळून, बर्फावर. वर भाजलेल्या जिऱ्याची चिमूट घातली तर पाणीपुरीची आठवण येते, ते कुणाला आवडतं, मला नाही. मी जिरं वगळतो.

सीताफळाचं कॉकटेल करायचा मोह बीडच्या मित्रांना हटकून होतो. करू नका. गर मिक्सरमधून काढताना बी फुटलं तर ते विषारी असतं, आणि सीताफळ नुसतं खाण्यातच त्याचा मान आहे.

जो गाडी चालवणार आहे किंवा जो पीत नाही, त्याला स्टीलच्या पेल्यात सरबत देऊ नका. तोच ग्लास, तोच बर्फ, मोसंबी, लिंबू, सैंधव आणि सोडा. फक्त जिन नाही.

संगीतासाठी मोबाइलचा स्पीकर नको, त्यात बास ऐकूच येत नाही. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो कठड्याच्या कोपऱ्यात, माणसांच्या कमरेच्या उंचीला ठेवा. कोपऱ्यामुळे खालचे सूर भरतात. आवाज इतका की साध्या आवाजात बोलता यावं. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, तेव्हा सातला सुरू करा आणि साडेनऊला आवरा. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, जमलं तर बोलवाच.

खायला तेलकट कमी. भाजलेले शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळाला तर दुसरं काही नको: गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ. चिंच-गुळाच्या रमबरोबर तो चांगला लागतो. हुरडा चोळणारा हात मात्र ग्लास धरणारा नसावा, काच निसटते.

प्रत्यक्ष ऐकायला जाल तेव्हा

वर्षातून एकदा तरी हे संगीत समोर बसून ऐकावं. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होत असतात, आणि देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई. तिकीट आधी काढा, मग गाडीचं आरक्षण, मग राहण्याचं.

तिथे गेल्यावर एक रीत लक्षात ठेवा. मैफलीत आपण जागा आवडली की लगेच दाद देतो. इथे एकाचं एकल वादन संपलं की टाळी, पुढचा वाजवायला लागला असला तरीही. डबल बासवाल्याची पाळी आली की ड्रम जवळजवळ थांबतात, आवाज एकदम उतरतो, आणि नेमकं तेव्हाच लोकांना दुसरा ग्लास मागवावासा वाटतो. क्लबमध्ये बसून ऐकत असाल तर ऑर्डर आधी देऊन ठेवा. राहिलीच असेल तर वेटरला हाक मारायला ट्रम्पेट परत सुरू होईपर्यंत थांबा.